थडग्यावरचा पाय

क्लेम हॉजेटने ताडपत्री ओढली आणि टोपी काढून तो दोन पावलं मागे सरला. धुकं इतकं दाट होतं की मर्ल टूमीला आधी नुसताच करडा दगड दिसला. मग नवऱ्याचं नाव दिसलं. आणि नावाच्या खाली, अगदी मधोमध, एक पाय.

माणसाचा नव्हे, खायचा पाय. फुटबॉलच्या मैदानावर खिडकीतून हातात मिळतो तो, मैद्याच्या पारीत खिमा भरून भाजलेला. खाली निमुळती वाटी, वर जाड सपाट झाकण, आणि झाकणातून वर निघालेल्या वाफेच्या दोन रेघा, टोकाशी जराशा बाहेर वळलेल्या. काम इतकं सुबक होतं की झाकणाच्या कडेला बोटांनी दाबल्याच्या चुण्यासुद्धा मोजता आल्या असत्या.

"कसा वाटला, मिसेस टूमी?" क्लेमने हळूच विचारलं.

मर्लने रुमाल तोंडावर धरला. पेपरकॉर्नच्या झाडावरून कुठलासा काकाकुवा माणसासारखा किंचाळला आणि गप्प झाला.

"रडू नका हो," क्लेम म्हणाला. त्याचेच डोळे भरून आले होते. "मलाही कोरताना आवरेना. सरांच्या हातून किती खाल्लेत मी!"

मर्ल रडत नव्हती. तिला फक्त आठवत होतं की फोनवर आपण नेमकं काय बोललो.

हार्टली टूमीने वालरिंगाच्या शाळेत उभा जन्म गणित शिकवलं. नेमका माणूस. चहात साखर घालताना चमचा डोळ्यांसमोर धरून सपाट करणारा. जाण्याआधी त्याने बायकोकडे एकच गोष्ट मागितली होती. "मर्ल, दगडावर वचनं नकोत, देवदूत नकोत, 'प्रेमळ पती' तर मुळीच नको. नाव आणि खाली पाय. ज्याला शेवट नाही, ज्यात काही पुन्हा पुन्हा येत नाही, असं एवढं एकच मला ठाऊक आहे." वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागलं की जो आकडा येतो तो पाय. ग्रीकांचं अक्षर, वर आडवी दांडी आणि खाली दोन तंगड्या. मर्लने त्याचा हात हातात घेऊन कबूल केलं होतं.

त्या काळी वालरिंगात फोन म्हणजे एक्स्चेंजमधल्या बाईने जोडून द्यायचा, आणि जोडला की अर्धं गाव पलीकडून श्वास घेताना ऐकू यायचं. क्लेमच्या शेडमध्ये दगड कापायची करवत चालू होती.

"नावाखाली फक्त पाय," मर्ल ओरडून म्हणाली होती. "बाकी काही नको. त्याची तशीच इच्छा होती."

करवत थांबली. मग क्लेम नाक ओढत म्हणाला, "दुसरं शोभणार तरी काय, मिसेस टूमी? सर म्हटले की तेच डोळ्यांसमोर येतं."

मर्लला तेव्हा किती बरं वाटलं होतं! पोरांनी नवऱ्याचं गणित लक्षात ठेवलं, असं तिला वाटलं. पण लक्षात राहिलं होतं ते निराळंच. हार्टली शनिवारी फुटबॉलच्या मैदानावर पायची खिडकी सांभाळायचा. हिवाळ्यात बोटं गारठलेली असायची, आणि त्या खिडकीतून त्याचा हात बाहेर यायचा, कागदात गुंडाळलेला, हाताला चटका देणारा पाय घेऊन. आता तसे पायही होत नाहीत आणि तशी थंडीही पडत नाही. गावाला वर्गातला हार्टली आठवत नव्हता, खिडकीतला आठवत होता.

आणि दगड होता जोडीचा. डावीकडे हार्टली, उजवी बाजू कोरी. ती मर्लची.

"म्हणजे मलाही याच पायाखाली निजायचं," ती घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या भिंतीला म्हणाली. भिंतीपलीकडे हार्टलीची खोली होती आणि खोलीत त्याचा फळा. पलीकडून खडू टेकल्यासारखा आवाज आला. टक. मर्लने स्वतःची समजूत घातली की बाभळीची फांदी असेल. त्या बाजूला बाभूळ नव्हती.

दुपारी एनिड आली. हार्टलीची थोरली बहीण. चर्चच्या महिला मंडळाची मुख्य, उंचीपुरी आणि आवाज थेट भावासारखा, विहिरीतून आल्यासारखा.

"मर्ल, तू माझ्या भावाला भटारखान्याची पाटी लावलीस!"

"मी पाय सांगितला होता, एनिड. आकडा."

"मग आकडा म्हणायचं!"

"तो आकडा असतो हे क्लेमला त्यानेच शिकवलंय. तुझ्याच भावाने."

"शिकवलं असेल. शिरलं नाही." एनिडने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "उद्याच्या उद्या तासून टाकायला सांग. लोक हसतायत. मी ज्या घराण्यात जन्मले त्या घराण्याच्या डोक्यावर खिमा!"

खरं तर कुणी हसत नव्हतं, आणि तीच पुढची अडचण झाली. शनिवारी सकाळी बेकरीवाली नोलीन मैदानाकडे निघाली होती. वाटेत स्मशान लागतं. तिला काय वाटलं कोण जाणे, तिने ट्रेमधला एक गरमागरम पाय उचलला आणि दगडासमोर ठेवला. थंडीत त्याची वाफ वर चढली आणि दगडातल्या वाफेत अशी मिसळली की कोरलेली कुठली आणि खरी कुठली ते तिला कळेना. ती तिथून पळतच सुटली.

त्या दुपारी वालरिंगाचा संघ जिंकला.

वालरिंगाचा संघ जिंकायचा नाही. गाव मॅच बघायला जायचं ते पाय खायला आणि एकमेकांची दुःखं वाटून घ्यायला. त्या दिवशी मात्र शेवटच्या क्षणी बॉब लिडिकोटने मारलेला चेंडू खांबाकडे जाता जाता हवेत वळला आणि आत शिरला. बॉब शाळेत गणितात जन्मभर नापास. तो पबमध्ये पांढराफटक पडून सांगत होता, "मारायच्या आधी कानात आवाज आला. स्पष्ट. 'कोन बघ, गाढवा!'"

पुढल्या शनिवारी दगडासमोर पायांची रांग लागली. संघ पुन्हा जिंकला. मग कुणी सॉसची बाटली आणून ठेवली.

"मर्ल, राणी, दगडाला आत्ता हात लावू नकोस गं," नोलीन काउंटरवरून वाकून कुजबुजली. "फायनल होऊ दे. नंतर हवं ते कोर."

"नोलीन, ती चूक आहे."

"असेल गं. पण चालतेय ना?"

शेवटी ठरलं की फायनल झाल्यावर सोमवारी क्लेम येऊन पाय तासेल आणि अक्षर कोरेल. एनिडने मंडळाच्या बैठकीत भूतपूजेविरुद्ध ठराव केला आणि ती मर्लशी बोलेनाशी झाली.

पण मर्लची झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीने. पाय नाहीसे होत होते.

रविवारी सकाळी ती फुलं घेऊन जायची. आदल्या दिवशी ठेवलेल्या पायांच्या पत्र्याच्या वाट्या रिकाम्या. सांडलेलं नाही, उलथलेलं नाही. कोल्ह्याने खाल्लं असतं तर वाट्या झाडीत सापडल्या असत्या. इथे त्या एकात एक घालून दगडामागे नीट रचलेल्या. आणि सगळ्यात वरच्या वाटीत पायांच्या कडा. अख्ख्या, गोल, बांगड्यांसारख्या.

मर्ल पहिल्यांदा ते पाहून थडग्याच्या कडेवरच बसली. हार्टली पाय खायचा तो असाच. झाकण खायचा, खिमा खायचा आणि कडा ठेवायचा. "मी क्षेत्रफळ खातो," म्हणायचा, "परीघ तुला." शनिवारी संध्याकाळी मैदानावरून आला की त्या कडा तिच्या पुढ्यात ठेवायचा, आणि ती त्या चहात बुडवून खायची. हे जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

तिने कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? माझा नवरा रात्री उठून पाय खातो आणि कडा माझ्यासाठी ठेवतो? घरी तिला पायमधल्या मिरपुडीचा वास यायला लागला. भिंतीपलीकडे खडू टेकायचा. ती दार उघडायची, फळा कोराच. एकदा तिला वाटलं, फळ्यासमोरची हवा इतर खोलीपेक्षा गार आहे. तिने दार लावून घेतलं आणि म्हणाली, "सोमवारी करते रे. जरा दम धर."

रागावला असेल का तो? चहातली साखर जरा उंच झाली तरी भुवई चढवणारा माणूस. एक वचन दिलं होतं बायकोने, तेही नीट पाळलं नाही. निजेल कसा तो? आणि तो निजला नाही तर उद्या त्याच्या शेजारी आपण तरी कसं निजायचं? तंटा चालू ठेवून झोपायचं नाही, हा त्यांच्या घरचा नेम होता.

फायनल वालरिंगाने जिंकली. गाव दोन रात्री, पहाटेपर्यंत नाचलं आणि थडग्यावर ताज्या पायांचा डोंगर होत गेला. सोमवारी उजाडता उजाडता, क्लेम येण्याआधी, मर्लने कोट चढवला, टोपी घातली आणि ती निघाली. तासायच्या आधी नवऱ्याशी एकदा बोलायचं होतं.

स्मशानाचं फाटक कुरकुरलं. धुक्यात थडगी अर्धवट दिसत होती, गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसांसारखी. कुंपणाच्या तारेतून वारा बारीक सूर काढत होता. आणि दगडाजवळ पोचता पोचता मर्लला तो आवाज आला.

कुणीतरी चावत होतं.

सावकाश, चवीने. मध्येच बोट चोखल्यासारखं. आवाज दगडाच्या पलीकडून येत होता, की दगडातून, की खालून, ते धुक्यात सांगता येत नव्हतं. मर्लने कोटाची कॉलर घट्ट धरली.

त्याच क्षणी वरून काहीतरी काळंपांढरं सूं करत आलं आणि तिच्या टोपीवर आदळलं. मॅगपाय. सप्टेंबरात हे पक्षी पिलांपायी वेडे होतात, दिसेल त्याच्या डोक्यावर झेप घेतात. मर्ल गर्रकन वळली, ओल्या गवतावर तिची टाच सरकली, आणि ती उताणी पडली. सरळ हार्टलीच्या थडग्यावर, डोकं दगडाकडे आणि पाय धुक्याकडे. टोपी कुठेतरी गेली. पाठीखाली दोन पाय चेंगरले. ते अजून किंचित कोमट होते.

चावणं थांबलं.

मर्लला उठता येईना. कंबर धरली होती. तिने डोळे मिटले.

"हार्टली?" ती अगदी बारीक आवाजात म्हणाली.

पलीकडून नुसता श्वास. जड, भरल्या तोंडाचा.

"हार्टली, रागावू नकोस रे. मी फोनवर पायच म्हटलं होतं. क्लेमने उलटं केलं."

दगडामागून एक खोल, घोगरा, विहिरीतून आल्यासारखा आवाज आला. "अरे देवा! हार्टली, तूच बोलतोयस? तुझा आवाज असा बायकी कसा झाला?"

मर्लने खाडकन डोळे उघडले.

आणि उघडले ते थेट वर, दगडाकडे. ती उताणी होती, डोकं दगडाच्या पायथ्याशी, त्यामुळे सगळं तिला उलटं दिसत होतं. नाव उलटं. पायची वाटी वर गेली होती, जुन्या फेल्ट टोपीसारखी. झाकणाची झाली होती एक जाड आडवी दांडी. आणि दांडीखाली वाफेच्या त्या दोन रेघा, टोकाशी जराशा बाहेर वळलेल्या. दोन तंगड्या.

ते अक्षर होतं. टोपी घातलेलं, पण तेच. हार्टलीने फळ्यावर हजारदा काढलेलं.

मर्ल बघतच राहिली. हार्टली खाली असाच होता, उताणा, डोकं दगडाकडे. गाव ज्या बाजूने बघत होतं तिथून तो पाय होता. पण हार्टली ज्या बाजूने बघत होता तिथून तो पाय होता. त्याच्या जागेवरून काहीही चुकलेलं नव्हतं.

तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. इतक्या महिन्यांनी ती अशी हसत होती की थडग्यावरच्या पत्र्याच्या वाट्या खुळखुळायला लागल्या.

थडग्यातून येणारं ते हसू ऐकून दगडामागून एक किंकाळी उठली आणि पाठोपाठ एनिड उठली. अंगात चर्चला जायचा कोट, हातात अर्धा खाल्लेला पाय, हनुवटीवर रस्सा.

"मर्ल! तू मेलीस कधी?"

"मेले नाही गं, घसरले! आधी हात दे. तो नव्हे, रस्सा नसलेला दे."

एनिडने तिला ओढून उभं केलं. एनिडने हनुवटी पुसली. मॅगपाय झाडावरून गळ्यात पाणी घोळवल्यासारखा गायला लागला.

"डॉक्टरांनी पाय बंद केलेत माझे," एनिड शेवटी म्हणाली. तिचा एवढा मोठा आवाज, पण तो कुठे गेला होता कोण जाणे. "आणि नोलीनला ते कळलंय. नोलीनला कळलं म्हणजे संपलंच. दुकानाच्या दारातूनच परत पाठवते मला, सगळ्यांदेखत. मग म्हटलं, इथे पडून वायाच जातायत."

"आणि ठराव?"

"ठराव मी मनापासून केला होता. दिवसा मला ते पटतं."

"आणि कडा?"

"कडा कोण खातं? आमच्या घरात कुणीच नाही. आई ओरडायची. मग मी आणि हार्टली त्या रचून ठेवायचो आणि कुत्र्याला द्यायचो."

"मला त्याने सांगितलं, परीघ तुला," मर्ल म्हणाली.

एनिडने जरा विचार केला. "कुत्रा मेल्यावर तुझ्याशी लग्न झालं त्याचं," ती म्हणाली. मग दोघी थडग्याच्या कडेवर टेकल्या, आणि एनिडने हातातल्या पायची कडा मोडून मर्लपुढे धरली. मर्लने ती घेतली. "पाय ठेवले गेले की येतेच मी," एनिड पुढे म्हणाली. "घरी बसून खाल्लं असतं तरी चाललं असतं, चोरून न्यायला काय लागतं? पण इथे त्याच्याबरोबर खाल्ल्यासारखं वाटतं."

क्लेमचा ट्रक फाटकाशी थांबला. तो छिन्नी, हातोडा आणि पडलेला चेहरा घेऊन आला. दोन्ही बायकांच्या कोटांवरचा खिमा पाहून त्याने नजर छिन्नीकडे वळवली. वालरिंगात माणसं अशा गोष्टी विचारत नाहीत.

"सुरू करू, मिसेस टूमी? मला कुणीतरी समजावून सांगितलं, ते अक्षर होतं म्हणे. मला फार लाज वाटते. सर असते तर बाकावर उभं केलं असतं."

"छिन्नी ठेव खाली," मर्ल म्हणाली. "राहू दे आहे तसा."

"खरंच?"

"त्याला बरोबर दिसतोय."

क्लेमने दगडाकडे पाहिलं, थडग्याकडे पाहिलं, आणि मान डोलवली. मर्लने कोटावरचा चुरा झटकला. बऱ्याच दिवसांनी तिला गाढ झोप येईल असं वाटत होतं, आणि कधीतरी इथेही येईल असं वाटत होतं.

"मग आता अवजारं आणलीच आहेत," क्लेम म्हणाला, "तर तुमच्या बाजूचं काही सांगून ठेवता का? म्हणजे पुन्हा फोनवर नको."

"माझ्या बाजूचं?" मर्ल हसली. "माझं काही नको रे बाबा. मला प्लेन हवं. एकदम प्लेन."

क्लेमने टोपी काढून छातीशी धरली. तिच्याकडे तो अशा नजरेने बघायला लागला की वालरिंगात आजवर तिच्याकडे तसं कुणी पाहिलं नव्हतं. सगळे तिला मास्तरांची बायको म्हणूनच ओळखत आले होते.

"सरांनी कधी बोलून दाखवलं नाही हो," तो हळूच म्हणाला. "लढाईच्या वेळी उडवलं असेल, नाही का? असू द्या, मी जास्त विचारत नाही. फक्त एवढं सांगा, मिसेस टूमी, प्लेनला पंखा एक कोरू की दोन?"

एनिडने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मर्लने तिच्या तोंडात पायची कडा कोंबली. ती जन्मात विमानात बसली नव्हती. तिने दगडाच्या कोऱ्या बाजूकडे पाहिलं, मग वर धुक्याकडे, जिथे आता थोडं आकाश दिसायला लागलं होतं.

"दोन," ती म्हणाली.